उपाशी बोगनवेल जास्त का फुलते?

फेब्रुवारी सरत आला की बंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या कुठल्याही जुन्या गल्लीत शिरा आणि कंपाउंडच्या भिंती बघत चाला. एखाद्या बंगल्याच्या कुंपणावरून रस्त्यावर ओथंबलेली बोगनवेल हमखास दिसेल. मुळं फुटपाथच्या फरशीखाली कुठेतरी दडपलेली, पाणी कोणी घालत नाही, खताचा तर प्रश्नच नाही. आणि रंग एवढा, की हिरवं पान शोधावं लागतं. आता मान वर करून समोरच्या इमारतीची बाल्कनी बघा. तीच जात, पण नर्सरीतून आणलेली, देखण्या कुंडीत लावलेली. रोज पाणी, दर पंधरवड्याला चमचाभर युरिया. पानं गर्द हिरवी, टवटवीत, फांद्या कठड्याबाहेर धावलेल्या. फूल मात्र एकही नाही.

असं कसं? झाडाला खायला घातलं की ते फुलणार, असं आपण धरूनच चालतो. इथे तर जिला खायला मिळतं ती मख्ख उभी आहे आणि जिला कोणी विचारत नाही ती उधळून फुलली आहे. या कोड्याचं उत्तर शोधायचं तर आधी त्या चमचाभर पांढऱ्या दाण्यांच्या मागे जायला हवं. ते दाणे फार लांबून आलेले असतात.

आपण ज्या हवेत श्वास घेतो तिचा 78 टक्के भाग नायट्रोजन आहे. बाल्कनीतली बोगनवेल चोवीस तास नायट्रोजनमध्ये बुडालेली आहे, आणि तरीही तिला त्यातला कणभरही वापरता येत नाही! कारण हवेतले नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून बसतात, की ती मिठी सोडवणं कुठल्याही झाडाच्या आवाक्यातलं नाही. ते जमतं काही जिवाणूंना, आकाशातल्या विजेला आणि गेल्या शंभरेक वर्षांत माणसाला. 1909 मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथे फ्रिट्झ हाबर यांनी प्रयोगशाळेत हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनियाचे थेंब टपकवून दाखवले. कार्ल बॉश यांनी त्या टपकण्याचा कारखाना केला आणि 1913 मध्ये ओप्पाऊ इथे तो सुरू झाला. लोहाचा उत्प्रेरक, चारशे-पाचशे अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दोनशेपट दाब! भुईमुगाच्या मुळावरच्या गाठीत राहणारा जिवाणू हेच काम मातीच्या साध्या उबेत, कुठलाही धूर न काढता करतो. त्या जिवाणूपुढे मला आपला कारखाना नेहमीच जरा आडदांड वाटतो.

आपल्याकडचंच उदाहरण घ्यायचं तर अलिबागजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा कारखाना आहे. 1980 च्या दशकात तो उभा राहिला तो मुंबई हायच्या वायूच्या भरवशावर. अरबी समुद्राच्या तळाखालून काढलेल्या वायूतला हायड्रोजन आणि अलिबागच्या हवेतला नायट्रोजन यांची तिथे गाठ मारली जाते. अमोनिया होतो, त्यापासून युरिया. त्या पांढऱ्या दाण्यात वजनाने 46 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे पाच ग्रॅमच्या चमच्यात जवळजवळ अर्धी हवा आहे म्हणा ना!

पण दाणा कुंडीत पडला म्हणजे झाड जेवलं असं होत नाही. मधे एक अख्खी साखळी आहे. मातीतल्या जिवाणूंपाशी युरिएझ नावाचं एन्झाइम असतं. ते युरियाचे तुकडे करून अमोनिया मोकळा करतं. हे एन्झाइम विज्ञानाच्या इतिहासात मानाचं आहे. 1926 मध्ये जेम्स सम्नर यांनी अबईच्या नात्यातल्या एका शेंगेच्या बियांतून त्याचे स्फटिक काढले आणि एन्झाइम हे प्रथिन असतं हे दाखवलं. तोवर कोणालाही एन्झाइमचा स्फटिक मिळवता आला नव्हता. यासाठी त्यांना पुढे 1946 मध्ये नोबेल मिळालं. युरिएझने सोडवलेला अमोनिया मग नायट्रोसोमोनास जिवाणू उचलतात आणि त्याचं नायट्राइट करतात. त्यावर दुसरे जिवाणू टपलेलेच असतात, ते नायट्राइटचं नायट्रेट करतात. या दोन्ही टोळ्या हे परोपकार म्हणून करत नाहीत. त्यांचं पोटच या रासायनिक क्रियेतून निघणाऱ्या ऊर्जेवर भरतं. सूर्यप्रकाश नको, साखर नको, नुसता अमोनिया ‘जाळून’ जगणारे जीव तुमच्या बाल्कनीतल्या कुंडीत अब्जावधींनी आहेत.

आणि इथेच आपला कडुलिंब मधे येतो. 2015 पासून भारतात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला कडुलिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा झाला. का? तर लिंबोळीतली कडू द्रव्यं नायट्रोसोमोनासला सुस्त करतात. साखळीतली मधली कडी मंदावली की नायट्रेट हळूहळू तयार होतं आणि मुळांना ते टिपायला वेळ मिळतो. धान्याच्या कोठीत कडुलिंबाचा पाला घालणाऱ्या आपल्या पणज्यांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

आता मुळाशी आलो. मूळ नायट्रेट आत खेचतं, पण नायट्रेट हे तयार अन्न नव्हे. झाडाला ते पुन्हा अमोनियापर्यंत उलटं आणावं लागतं. त्यासाठी नायट्रेटच्या प्रत्येक कणामागे आठ इलेक्ट्रॉन मोजावे लागतात, आणि हिरव्या पानात ही किंमत सूर्यप्रकाशातून वसूल होते. या कामाला लागणाऱ्या एका एन्झाइमच्या पोटात मोलिब्डेनम नावाचा दुर्मिळ धातू बसलेला असतो. तो नसेल, तर भरपूर नायट्रेट शोषूनही झाड पिवळं पडतं. मग या अमोनियापासून अमिनो आम्लं, त्यांच्यापासून प्रथिनं, आणि तिथून पुढे झाडात जे काही जिवंत हालचाल करतं ते सगळं.

सगळ्यात मोठा वाटा पानाला जातो. हरितद्रव्याचा एक रेणू घ्या. त्यात 137 अणू असतात. मधोमध मॅग्नेशियमचा एकच अणू आणि त्याला चारही बाजूंनी धरून बसलेले नायट्रोजनचे चार. हे चार नसतील तर हिरवा रंगच नाही. पण हरितद्रव्यापेक्षाही खादाड आहे ते रुबिस्को नावाचं प्रथिन. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून त्याची साखर करण्याच्या कामाला तेच सुरुवात करतं. एवढं मोठं काम, आणि गडी कमालीचा संथ! बहुतेक एन्झाइमं सेकंदाला शेकड्याने-हजाराने रेणू हाताळतात, हे जेमतेम तीन-चार हाताळतं. मग झाडाने काय तोडगा काढला? गडी सुधारत नाही म्हटल्यावर गडीच वाढवले. पान रुबिस्कोने खच्चून भरलं. पृथ्वीवरचं सर्वांत मुबलक प्रथिन म्हणून त्याचं नाव घेतात ते या संथपणापायी. त्यामुळेच पानातल्या नायट्रोजनपैकी साधारण तीन-चतुर्थांश हिस्सा प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेत अडकलेला असतो.

म्हणजे युरिया दिल्यावर पानं गर्द होतात हे रंगकाम नव्हे, ती यंत्रसामग्री वाढलेली असते. उलट नायट्रोजन कमी पडला की झाड आधी जुन्या, खालच्या पानांवर हात घालतं. त्यांतलं हरितद्रव्य, रुबिस्को मोडून नायट्रोजन सुटा करतं आणि शेंड्याकडच्या कोवळ्या पानांकडे रवाना करतं. खालचं पान पिवळं दिसलं तर समजा, आतला माल हलवून झाला आहे. शेंड्याचं पान पिवळं पडलं तर भानगड वेगळी, बहुधा लोहाची. माळी मंडळी एका नजरेत हा फरक ओळखतात.

मुळाशी नायट्रेट आल्याची वर्दी शेंड्यापर्यंत पोचते तीही ऐकण्यासारखी आहे. मुळांत सायटोकायनिन नावाचं संप्रेरक तयार होतं, पाण्याबरोबर वर चढतं आणि पानांच्या बगलेत झोपलेले डोळे जागे करतं. नवी फांदी, नवी पानं, त्यांच्या बगलेत पुन्हा नवे डोळे. एका चमच्याने वेल कशी बेफाम सुटते ते यातून कळतं.

मग फुलं कुठे अडतात?

खाऊनपिऊन सुखी घरातला मुलगा लग्नाचं नाव काढत नाही, तसंच हे, असं आमच्याकडे लोक गमतीने म्हणतात. बोलायला छान आहे. पण झाडाला ना सुखाची जाणीव, ना लग्नाची घाई. तिथे हिशेब आहे साखरेचा.

1918 मध्ये अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये क्राउस आणि क्रेबिल या दोघांनी टोमॅटोवर एक गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. नायट्रोजन भरपूर मिळालेली झाडं नुसती पानांनी माजली. नायट्रोजन अगदीच तोडला तर झाडं खुरटली, ना पान धड ना फळ. पण या दोन्हींच्या मधे, जिथे नायट्रोजन बेताचा आणि पानांनी केलेली साखर शिलकीत, तिथे फुलंही लागली, फळंही. कारण उघड आहे. नायट्रोजन असला की साखर साठत नाही. तिचा सांगाडा घेऊन, त्यावर नायट्रोजन चढवून झाड प्रथिनं बांधत सुटतं, म्हणजे पुन्हा पानं. नायट्रोजन आटला की बांधकाम थांबतं, पण पानं साखर करतच राहतात. शिल्लक पडते.

पुढे कळलं की एवढ्याशा हिशेबाने सगळ्या झाडांचं फुलणं सुटत नाही. 1920 मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी दिवसाच्या लांबीचं महत्त्व दाखवलं. शेवंती रात्र मोठी झाल्याशिवाय कळी धरत नाही, तिला तुम्ही काय खाऊ घालता ते दुय्यम. बोगनवेलीलाही लहान दिवस मानवतात, पण ती त्यावर अडून बसत नाही. आणि बंगळुरू विषुववृत्ताच्या उत्तरेला जेमतेम 13 अंशांवर. इथे वर्षातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात दीडेक तासाचाच फरक. लंडनला हाच फरक आठ तासांहून जास्त असतो. मग बोगनवेलीच्या बाबतीत निर्णय बराचसा पोटातल्या हिशेबावर येतो, आणि म्हणूनच ही वेल या गोष्टीची नायिका आहे.

आता बोगनवेलीची फांदी हातात घ्या, जपून. पानाच्या बगलेत काटा दिसतो ना? त्याच फांदीवर पुढे कुठेतरी पानाच्या बगलेतून फुलोरा आलेला असेल. दोन्हींची जागा एकच. आणि दोन्ही मुळात एकच अवयव आहेत! डोळ्यातून निघालेला तो कोंब काटा व्हायचा की फुलोरा, हे नंतर ठरतं. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे बारकाईने तपासलं. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक दिलं की काटे झाले. प्रकाश कमी पडला की फुलोरे जिरले. आणि शेंड्याची कोवळी पानं खुडून टाकली की फुलोरे वाढले. कोवळी पानं आणि फुलोऱ्याचा कोंब एकाच साखरेवर डोळा ठेवून असतात, आणि कोवळ्या पानांची ओढ जबर असते.

आता युरियाचा चमचा पुन्हा घाला या चित्रात. नायट्रेट आलं, डोळे जागे झाले, कोवळ्या पानांची फौज उभी राहिली, साखर तिकडे वळली. बगलेतला कोंब उपाशी. बाल्कनीत ऊन दोनच तास असेल तर साखरही मुळात कमी. आणि भिंतीवरच्या वेलीचं बघा. पाणी नाही म्हणून नवी पानं नाहीत, नायट्रोजन नाही म्हणून बांधकाम नाही, पण दिवसभर रणरणतं ऊन, त्यामुळे साखर भरपूर. ती जाणार कुठे? कोंबाकडे. आपण ज्याला तिचे हाल समजतो, तो फुलोऱ्याच्या बाजूने लागलेला निकाल असतो.

इथवर आलं की वाटतं, चला, नायट्रोजन हा फुलांचा वैरीच. थांबा. बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नाहीच. ती कागदासारखी तीन रंगीत पानं आहेत. खरी फुलं त्यांच्या मधे, बारीक नळीसारखी, पांढुरकी. आणि त्या रंगीत पानांचा रंग कशाचा आहे? जास्वंद, गुलाब, गोकर्ण यांचे लाल-निळे रंग अँथोसायनिनचे. त्यात कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एवढंच, नायट्रोजनचा एकही अणू नाही. बोगनवेलीत मात्र बीटालेन नावाची निराळीच रंगद्रव्यं आहेत, बीट कापल्यावर हाताला लागतात त्याच घराण्यातली. ती टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनतात आणि त्यांच्या रेणूत नायट्रोजन असतो! पानं वाढवायला नायट्रोजन नाही म्हणून जी वेल फुलली, तीच वेल शिलकीतला नायट्रोजन रंगावर उधळते. गुलबाक्षी, कोंबडा, दहा वाजता उमलणारं ऑफिस टाइम, सगळी याच रंगाची मंडळी. आणि आजवर अशी एकही वनस्पती निसर्गात सापडलेली नाही जी अँथोसायनिन आणि बीटालेन दोन्ही रंग बनवते. एक तर हा, नाहीतर तो. का? वनस्पतिशास्त्रज्ञ यावर अजून डोकं खाजवत आहेत.

म्हणून सगळ्याच फुलझाडांना बोगनवेलीसारखं उपाशी ठेवू नका. जास्वंद नव्या वाढीवरच, पानाच्या बगलेत एकेक कळी काढते आणि तिचं एक फूल बहुतेक एकच दिवस टिकतं. रोज फूल हवं तर फांदी रोज पुढे सरकायला हवी, म्हणजे नायट्रोजन हवाच, थोडा पण अखंड. शेंगदाण्याची पेंड तिला मानवते ती म्हणूनच. पेंडीतली प्रथिनं जिवाणूंनी फोडल्याशिवाय नायट्रोजन सुटत नाही, आणि ते काम आठवडेच्या आठवडे चालतं. शेवंतीला सुरुवातीला खाऊ घालतात आणि कळी दिसू लागली की हात आखडता घेतात. ऑर्किडला तर खताचं पाणी इतकं फिकं लागतं की आपण खत घातलं की नाही असा संशय यावा.

जास्त झालं तर काय होतं? युरियाचे दाणे विरघळून मातीतलं पाणी क्षारांनी दाट झालं, की पाणी मुळात शिरायच्या ऐवजी मुळातून बाहेर येतं. ओल्या कुंडीत झाड तहानेने करपतं. त्यातून वाचलं तर मावा येतो. माव्याचं जेवण म्हणजे झाडाचा रस, आणि त्या रसात साखर पुष्कळ पण अमिनो आम्लं फार थोडी असतात. त्याच टंचाईमुळे माव्याची वाढ आटोक्यात राहते. तुम्ही युरिया ओतता, रसातली अमिनो आम्लं वाढतात आणि माव्याच्या घरी पाळणे हलू लागतात.

झाडाने न घेतलेला नायट्रोजन मग जातो कुठे? पुण्या-नगरकडच्या काळ्या मातीची सवय असलेल्या माणसाला बंगळुरूची तांबडी माती फसवते. ती अन्न धरून ठेवण्यात कच्ची. त्यात नायट्रेटवर ऋण भार, मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋण भार, म्हणजे माती त्याला जवळ करतच नाही. पाणी घातलं की ते कुंडीच्या भोकातून सरळ बाहेर. गच्ची, पन्हळ, गटार आणि उतार असेल तिकडे तळं. जे. पी. नगरमध्ये सारक्कीचं तळं आहे, पुट्टेनहळ्ळीचं आहे. शहरातल्या तळ्यांना नायट्रोजन पोचवण्यात कुंड्यांचा वाटा नगण्य, खरा मक्तेदार सांडपाणी. पण नायट्रेट तेच.

आणि तिथे त्याची वाट बघत असतं आणखी एक उष्ण प्रदेशातलं शोभेचं फुलझाड. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून निघालेलं, जांभळट पाकळीवर मोरपिसासारखा पिवळा ठिपका असलेलं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आलं ते निव्वळ सौंदर्यापायी. मुळा-मुठेच्या काठी राहिलेल्यांना ते वेगळं सांगायला नको. जलपर्णी! हिला उपास माहीतच नाही. नायट्रोजनने भरलेल्या पाण्यात, कोवळ्या धुमाऱ्यांनी लेकुरं टाकत, अनुकूल हवेत ती एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. पाण्यावर झाकण बसतं, खाली प्रकाश जात नाही, प्राणवायू संपतो, मासे मरतात.

पण एवढा नायट्रोजन पिऊन बसलेली जलपर्णी काठावर ओढून काढली आणि शेणाबरोबर कुजवली तर तिचं खत उत्तम होतं. अडचण एकच. सांडपाण्यातले जड धातूही ती तितक्याच आवडीने शोषून घेते. त्यामुळे शहरातल्या तळ्याच्या जलपर्णीचं खत मेथी-पालकाच्या वाफ्याला घालू नये. जास्वंदीला बिनधास्त घाला.